घड्याळाचा पंचनामा

जऊळक्याचं रेल्वे स्टेशन एकदा छत्तीस पावलं लांब सरकलं होतं. गावात कोणालाच त्याचा पत्ता नव्हता. गाड्या वेळेवर उशिरा येत होत्या, स्टेशनबाहेर रहीमभाईचा चहा उकळत होता, आणि स्टेशन आपलं लांब गेलेलं. कळलं ते एकाच माणसाला. तो माणूस सकाळी माझ्या मेडिकल दुकानाचं शटर अर्धं वर गेलेलं असताना खालून वाकून आत डोकावला.

"मेडिकल, चाल. टेपाचं दुसरं टोक धराले माणूस पायजे."

हे तिरमककाका. कागदोपत्री त्र्यंबक गावंडे, निवृत्त भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार. उभी नोकरी त्यांनी मालेगाव, मानोरा, कारंजा या तालुक्यांतली वावरं मोजण्यात घालवली. माझं नाव त्यांनी जन्मात घेतलं नाही. माझं मेडिकल, म्हणून मी मेडिकल. माझी बायको मेडिकलीणबाई. ती आधी चिडायची, मग त्याच नावानं हळदीकुंकवाची बोलावणी यायला लागली तेव्हा तिनं हात टेकले.

"काका, झालं काय पण?"

"घर ते फलाट आठशे चौसष्ट पावलं. तीस वर्सापासून. आज नऊशे भरले. कोनंतरी रस्ता वाकोला."

आता इथे थोडं सांगायला हवं. काकांचं पाऊल म्हणजे गावाचं माप होतं. मोजणीदारांची जुनी साखळी तेहेतीस फुटांची, आणि काका बरोबर बारा पावलांत एक साखळी चालायचे. तेरा नाही, साडेअकरा नाही. लग्नाचा मांडव केवढा, बोअरपासून गोठ्यापर्यंत पाईप किती लागेल, असलं काही निघालं की लोक टेप शोधत बसायचे नाहीत, काकांना चालायला लावायचे. काका हात मागे बांधून, तोंडातल्या तोंडात आकडे पुटपुटत चालत सुटायचे आणि शेवटी म्हणायचे, "एक्क्याण्णव फूट. दोन बोटं इकडे तिकडे." ती दोन बोटं ते नम्रपणा म्हणून सोडायचे.

तर आम्ही रस्ता मोजला. टेपाचं एक टोक माझ्याकडे, दुसरं काकांकडे, मागून येणाऱ्या दुधाच्या गाड्या आम्हाला शिव्या घालतायत, आणि रहीमभाई ओरडतोय, "काकाजी, रोड चोरी हो गया क्या?" काकांच्या मते सगळी चूक रस्त्याच्या ठेकेदाराची होती. फलाटापर्यंत पोचलो तेव्हा बेरीज केली. दोन हजार तीनशे शहात्तर फूट. बहात्तर साखळ्या. तीस वर्षांपूर्वी होत्या तेवढ्याच.

काकांनी टेप गुंडाळला, नीट, पीळ न पडू देता. मग बाकावर बसले.

"रस्ता बराबर हाय, मेडिकल."

"मग?"

"मंग मोजणाराच चुकून राह्यला."

त्यांनी ते इतकं सहज म्हटलं की मी हसलो. पुढे अकोल्याच्या मेंदूच्या डॉक्टरांनी, एका तरुण बाईंनी, त्यांना तपासून कंपवात सांगितला. पाऊल आखूड होणं ही त्याची एक खूण असते, म्हणाल्या. काका घरी येऊन मला म्हणाले, "मले ठाऊकच होतं. साखळीमागं अर्धं पाऊल. तिनं फक्त नाव देलं."

माणूस तसा वैताग होता, हे मी आधीच सांगतो. त्यांच्यासमोर 'जवळच आहे' म्हणायची सोय नव्हती. "जवळ म्हणजे किती?" 'जरासं मीठ' म्हटलं तरी भुवई वर. अंदाज म्हणजे आळशाची मोजणी, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं वाक्य त्याहून लहान: "सांगू नको, मोज." काकू होत्या तोवर त्या म्हणायच्या, "माह्या पोळ्या यायनं कंपासपेटीतला परकार घेऊन पाह्यल्या नाई, एवढंच बाकी हाय." काकू गेल्या, एकुलती लेक अर्चना पुण्याला, आणि काका स्वतःची खिचडी स्वतः शिजवायचे. डाळ-तांदूळ मोजून, हे वेगळं सांगत नाही.

धनज गावची गोष्ट तर त्या भागात अजून सांगतात. तिथे दोन शेजाऱ्यांचा धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोन पिढ्यांचा वाद. मोजणीच्या दिवशी एकानं काकांना आग्रह करकरून पुरणपोळी वाढली, वर तूप, वर पुन्हा तूप. काका पोटभर जेवले, हात धुतले, साखळी लावली आणि वादातली पट्टी दुसऱ्याला दिली. पोळीवाला बिचारा रडकुंडीला आला. "सायेब, जेवले तं माह्या घरी!" काका म्हणाले, "जेवण तोंडाले होतं. साखळी जमिनीले हाय." आणि जाताना त्याच्या बायकोला पोळ्या उत्तम झाल्याचंही सांगून गेले.

आजार लोकांना दिसला तो उजव्या हातातून. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर फिरत राहायचं, थांबायचंच नाही. आता आमच्याकडे अंगठा तळहाताजवळ असा फिरायला लागला की त्याचा अर्थ एकच. जन्मभर सुपारीचं खांडही न खाल्लेल्या या माणसासमोर बसस्टँडवर, पारावर, दशक्रियेला, लोक तळहात पुढे करायला लागले. "काका, चिमूटभर आमाले बी द्या." पहिल्यांदा काका भडकले. दुसऱ्यांदा समजावून सांगितलं. तिसऱ्यांदा एका अनोळखी म्हाताऱ्यानं हात पुढे केला तेव्हा काकांनी गंभीरपणे रिकामी चिमूट त्याच्या तळहातावर ठेवली. म्हाताऱ्यानंही ती ओठाखाली सोडली आणि म्हणाला, "चुना कमी हाय." ही गोष्ट काका स्वतः सांगायचे आणि सांगता सांगता ठसका लागेपर्यंत हसायचे.

डॉक्टरीणबाईंशी त्यांचं जमलं ते एका कॅलेंडरमुळे. काका रोज संध्याकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात त्या दिवसाचा आकडा पेन्सिलीनं लिहायचे, घर ते फलाट किती पावलं. दुसऱ्या तपासणीला ते कॅलेंडरच सुरळी करून अकोल्याला घेऊन गेले. सोबत मी होतो. बाईंनी एकेक महिना उलटला, आणि पुढे त्या आकडे वाचेनातच, नुसत्या बघायला लागल्या. जानेवारीतले आकडे हरभऱ्याएवढे होते, दिवाळीतले खसखशीएवढे. या आजारात अक्षर बारीक होत जातं म्हणे. काकांनी पावलं मोजली होती, पण हातानं आपली वेगळीच नोंद ठेवली होती, त्यांच्या नकळत. ते बाईंनी दाखवलं तेव्हा काकांनी जानेवारीचं पान पुन्हा उलटून दिवाळीच्या पानाशेजारी धरलं. मग म्हणाले, "हे मोजलं नव्हतं मी." मला त्यांचं फार वाईट वाटलं, कारण त्यांच्या आवाजात दुखण्यापेक्षा काम राहून गेल्याची शरम होती.

बाईंनी मग त्यांना एक काळं घड्याळ दिलं. उजव्या मनगटावर बांधायचं, आंघोळीपुरतं काढायचं. दिवसात किती चाललात, किती बसलात, झोपेत किती वेळा कूस बदलली, सगळं त्यात जमा होतं. घरातलं रोजचं हिंडणं-फिरणं कळलं की आजार कोणत्या वेगानं पुढे सरकतोय ते समजतं आणि गोळ्यांचं माप ठरवता येतं, असं त्यांनी समजावलं. दवाखान्यात काय, माणूस पाच मिनिटं छाती काढून चालून दाखवतो. काकांना हे मनापासून पटलं. "म्हंजे हे चोवीस तासाची मोजणी हाय," ते म्हणाले.

घड्याळातले आकडे अकोल्याला जायचे, तसेच पुण्याला अर्चनाच्या फोनवरही जायचे. आणि इथेच खरी मेख होती. काका एकदा न्हाणीघरात पडले होते, सकाळभर तसेच ओल्या फरशीवर होते. तेव्हापासून अर्चनाचं एकच म्हणणं, बाबांनी आता पुण्याला यायचं. काकांचं एकच म्हणणं, नाही. स्टेशन, रहीमभाईचा चहा, काकूंनी लावलेलं सीताफळ, आणि ज्या भागातलं वावर न् वावर पायाखालून गेलंय तो भाग, हे सोडून ते तिसऱ्या मजल्यावर राहायला तयार नव्हते. "तिथं चालाचं कुठं? गॅलरीत? अकरा फूट हाय. मोजली मी." शेवटी बापलेकीत करार झाला. दिवसाला चार हजार पावलं होतील तोवर काका जऊळक्यात. आठवडाभर त्याखाली गेले की मुकाट्यानं पुणे. काकांनी शब्द दिला.

करार झाला आणि काकांना सूर सापडला. सकाळ-संध्याकाळ स्टेशन, मधल्या वेळी माझं दुकान. चार हजार आरामात भरायचे. पुढच्या वर्षी पाय जड व्हायला लागले. उंबरठ्यापाशी यायचे आणि पाय जमिनीला चिकटल्यासारखे तिथेच उभे राहायचे, मन पुढे आणि पाय मागे. फेऱ्या दोनाची एक झाली, मग एकाची अर्धी. मला काळजी वाटायला लागली. पण गंमत अशी की आकडा खाली येईना. पाच हजार. सात हजार. अर्चना फोनवर खूश, मी चकित, आणि काका मिशीतल्या मिशीत हसत, "आंगात अजून बाकी हाय म्हणा थोडं."

मग त्यांना ताप आला. दोन दिवस खाटेवर. दुसऱ्या दिवशी मी गोळ्या द्यायला गेलो होतो, तेवढ्यात अर्चनाचा फोन. काकांनी तो नेहमीप्रमाणे मोठ्या आवाजावर ठेवला.

"बाबा, शाब्बास! आज अकरा हजार! अहो, जरा बेतानं चाला."

काकांनी फोन ठेवला. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. मग दोघांनीही त्यांच्या मांडीवरच्या हाताकडे बघितलं. तो आपला तंबाखू मळतच होता, मनगटासकट, एका लयीत.

"मेडिकल," काका हळूच म्हणाले, "हा हात चालून राह्यला बे."

नुसत्या संशयावर थांबतील तर ते काका कसले! ताप उतरला त्या दिवशी त्यांनी मला आणि रहीमभाईला बोलावून घेतलं. घड्याळातला आकडा आम्हा दोघांकडून वाचून घेतला आणि खाटेवर बसले. भिंतीवरच्या घड्याळात बरोबर एक तास. उठायचं नाही, हलायचं नाही. आम्ही दोघं समोर पहाऱ्याला. रहीमभाईला बोलायची बंदी होती, त्यामुळे तो एक तास त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा असावा. तास भरला, पुन्हा आकडा वाचला. सहाशे चाळीस पावलं वाढली होती.

"काकाजी," रहीमभाई म्हणाला, "आप तो बैठे बैठे अकोला पहुँच जाओगे."

"पोहरादेवी बी करतो. यात्रेची गर्दी सुदा लागत नाई," काका म्हणाले. आम्ही तिघं हसलो. मग हळूहळू हसायचं थांबलं, कारण त्याचा अर्थ तिघांनाही कळला होता. हात जितका जास्त थरथरेल तितकी जास्त पावलं. आजार वाढत होता आणि घड्याळ त्याला शाबासकी देत होतं.

मी तेव्हा जे बोललो ते लपवणार नाही. मी म्हणालो, "काका, गप बसा ना. कोणाला काय कळतंय? घड्याळ सरकारी नाही, तुम्ही नोकरीत नाही. आकडा चार हजाराच्या वर आहे, तुम्ही इथे आहात. अर्चनाताईही खूश. बिघडलं कुठे?"

रहीमभाईनं मान डोलावली.

दोन दिवस काका दुकानात आले नाहीत. मला आशा वाटली की माणूस सुधारला. खरं म्हणजे मला कळायला हवं होतं. नोकरीतल्या पहिल्याच वर्षी या माणसानं स्वतःच्या बापाचं वावर मोजलं होतं. आपलाच धुरा शेजाऱ्याच्या हद्दीत दोन हात घुसलेला निघाला, तेव्हा त्यांनी कोणी न सांगता दगड उपटून मागे घेतला होता. आई महिनाभर त्यांच्याशी बोलली नव्हती. तिसऱ्या दिवशी काकांनी आम्हाला पुन्हा बोलावलं आणि पुढे एक कागद ठेवला. अक्षर इतकं बारीक होतं की मला ते दुकानातल्या भिंगानं वाचावं लागलं.

"पंचनामा. आम्ही खाली सह्या करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, मौजे जऊळका येथील इसम नामे त्र्यंबक गावंडे यांचे उजवे मनगटी काळे रंगाचे एक घड्याळ असून त्याची चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस कोपर, पश्चिमेस बोटे, उत्तरेस अंगठा, दक्षिणेस करंगळी. सदर इसम आमचे समक्ष एक तास खाटेवर बसून होता. उठला नाही, फिरला नाही, पाणीसुद्धा मागितले नाही. तरी सदर घड्याळाने सहाशे चाळीस पावले दाखविली. सदर पावले हाताची असून पायाची नाहीत. सबब मागील सर्व आकडे रद्द समजून फेरमोजणी व्हावी. पंचनामा वाचून दाखविला, बरोबर आहे."

खाली पंच क्रमांक एक, मी. पंच क्रमांक दोन, रहीमभाई.

"काका, हा कागद गेला की तुम्हाला पुण्याला जावं लागेल," मी म्हणालो.

"ठाऊक हाय."

"मग कायले पाठवता?" रागानं माझ्याही तोंडून वऱ्हाडी निघाली.

"ते डॉक्टरीण पोरगी या आकड्यावर गोळी ठरवून राह्यली. चुकीच्या मोजणीवर गोळी देणं म्हंजे दुसऱ्याच्या वावरात नांगर घालणं हाय." मग म्हणाले, "अन् अर्चू रोज खूश होऊन राह्यली, मेडिकल. बापाची थरथर पाहून खूश होऊन राह्यली ते. हे मले पाह्यवत नाई."

मी सही केली. रहीमभाईनं उर्दूत सही केली आणि पहिल्यांदाच काही विनोद केला नाही.

डॉक्टरीणबाईंचा फोन आला तेव्हा त्या आधी खळखळून हसल्या आणि मग, मला वाटतं, डोळे पुसून बोलल्या. घड्याळ मनगटावरून काढून उजव्या घोट्यावर बांधायला सांगितलं. "म्हातारपणी पैंजण घातलं बाप्पा," काका येईल-जाईल त्याला पायजमा वर करून दाखवायचे. पैंजणानं मात्र खरं सांगितलं. अकराशे. नऊशे. एक दिवस बाराशे. गोळ्या बदलल्या, थोडा फरक पडला, पण चार हजार काही पुन्हा दिसले नाहीत. आठवडा भरला तेव्हा काकांनी स्वतः पुण्याला फोन लावला. "अर्चू, ये. मुदत भरली."

ती गाडी घेऊन आली. नवरा गाडीतच बसून होता, सामान आधीच भरलेलं. गल्लीतली माणसं दारादारात. काका दारापर्यंत नीट आले आणि उंबरठ्याशी पाय चिकटले. मी पुढे होणार तोच अर्चनानं मला थांबवलं. डॉक्टरांनी तिला एक युक्ती सांगितली होती. सपाट जमिनीवर पाय अडकतो, पण समोर आडवी रेघ दिसली की ती ओलांडायला उचलला जातो. तिनं घरातून रांगोळीचा डबा आणला आणि उंबरठ्यापासून गाडीपर्यंत आडव्या रेघा ओढत गेली.

काका दाराची चौकट धरून बघत होते.

"हे काय हाय?"

"पाऊल टाका बाबा, रेघेवरून."

"अंतर पाह्य. हे दीड फूट, हे सव्वा. अन् ते तिसरी तं तिरपीच चालली."

"बाबा, चालायचंय फक्त. नकाशा नाही काढायचा."

"तिरप्या रेघेवरून मी जात नाई."

अख्खी गल्ली हसली. अर्चनानं कपाळाला हात लावला, पायानं रेघा पुसल्या, पुन्हा ओढल्या. काका चौकटीतून हुकूम सोडत होते, वर घे, जरा खाली, हं, आता बराबर. दुसऱ्या वेळच्या रेघा त्यांना पसंत पडल्या. मग चौकट सोडली आणि एकेक रेघ ओलांडत ते निघाले. काय सांगू, ते चालणं बघण्यासारखं होतं. मान ताठ, नजर खाली, ओठ हलतायत.

पण रेघा दोनदा ओढण्यात रांगोळी संपली होती. गाडीच्या अलीकडे एका पावलाची जागा कोरी राहिली. काका शेवटच्या रेघेपलीकडे जाऊन थांबले आणि थांबलेच. गाडीचं दार उघडं, मध्ये एवढीशी माती. पाय हलेना.

अर्चनानं रिकामा डबा खाली ठेवला. चप्पल काढली आणि आपला उजवा पाय त्यांच्या पावलांपुढे आडवा ठेवला.

काकांनी त्या पायाकडे बघितलं.

"अर्चू, काढ. लेकराले ओलांडू नाई. वाढ खुटते."

सत्तेचाळीस वर्षांची अर्चना. केसांना मेंदी, डोळ्यांना चष्मा, स्वतःचा मुलगा कॉलेजात.

"खुटू द्या बाबा," ती म्हणाली. "लय वाढली मी."

काकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, पाय उचलला, तिच्या पायावरून पलीकडे टेकवला आणि ते गाडीत बसले.